बोईसरला उतरा

नलूच्या हातांकडे हिराचं लक्ष गेलं ते पाण्यामुळे.

मुरबे गाव समुद्राला चिकटून, पण प्यायच्या पाण्याची तिथे कायमची ओढ. गोड्या पाण्याची विहीर लांब, आणि तिच्यावर बायकांची ही गर्दी. हिरा उजाडायच्या आत हंडे भरून ठेवायची आणि मग मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बसला धावायची. दुपारी परत येऊन बघते तर हंडे रिकामे. आधी तिला सासूचा संशय आला, मग शेजारणीचा. एके दिवशी बाजार लवकर आटोपला, ती अवेळी घरी आली, आणि तिला दिसलं. तिची बारा वर्षांची नलू मागल्या दारी मोरीवर उकिडवी बसून कपडे धुण्याच्या सोड्याने हात घासत होती. पाणी ओतायची, घासायची, ओठ हलवत काहीतरी मोजायची, पुन्हा पाणी ओतायची. हिराने हाक मारली तरी तिने मान वर केली नाही. जवळ जाऊन हिराने हात ओढून घेतले आणि उलटसुलट करून पाहिले. बोटांच्या बेचक्यांत चिरा पडल्या होत्या आणि मनगटापर्यंतची कातडी खवले काढलेल्या मासळीसारखी उघडी पडली होती.

हे काय चाललंय, असं हिराने विचारलं. आईने धरलेले हात नलूने सोडवून घेतले आणि पहिल्यापासून धुवायला सुरुवात केली.

पोरीला आपली किळस येते, असं हिराला वाटलं. दिवसभर मासळीत असलेले हात आपले, वास तर जायचा नाहीच. मग मागचं एकेक आठवत गेलं. गेले कित्येक महिने नलू मासे खात नव्हती. आईच्या कुशीतून उठून ती कोपऱ्यात वेगळी निजायला लागली होती. आणि रामूला तर तिने हात लावणंच सोडलं होतं. रामू दीड वर्षाचा. नलूच्या पाठीवर हिराची दोन मुलं गेली होती, त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला हा. आधी नलू त्याला कडेवरून खाली ठेवत नव्हती. आता तो दुडदुडत तिच्याकडे निघाला की ती भिंतीला पाठ लावून उभी राहायची.

नवरा दादू दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता, आठवड्यातले चार दिवस समुद्रात. घरी आल्यावर त्याने पोरीचे हात पाहिले आणि शाळेचं काहीतरी डोक्यात गेलं असेल म्हणाला. सासू गोदूबाईचं मत वेगळं होतं. पोरगी संध्याकाळची खाडीवर गेली होती, तिथून काहीतरी लागलं, असं तिचं म्हणणं. हिरानेही ते खोटं धरलं नाही. दोघी नलूला घेऊन डोंगराकडच्या पाड्यावर मंगळ्या भगताकडे गेल्या. त्याने तांदळाचे दाणे पाहिले, कोंबडा घेतला, अंगारा लावला. म्हातारा मायेचा होता, नलूशी हळू आवाजात बोलला, आणि दोन-तीन दिवस पोरीला खरंच बरं वाटलं. चौथ्या दिवशी अंगाऱ्याचा हात धुवायला तिने अख्खा हंडा ओतला.

मग बोईसरचा डॉक्टर झाला. त्याने कातडीचं मलम दिलं. मलम चिकट, ते लागलं की नलू आणखी धुवायची. शाळेतून निरोप आला म्हणून हिरा मुख्याध्यापकांना भेटायला गेली. मुलगी तासाला वर्गात नसते, नळावर असते, बाकीच्या मुली हसतात, बरी होईपर्यंत घरीच ठेवा, असं त्यांनी सांगितलं. वाईट माणूस नव्हता, पण त्याला यातून सुटायचं होतं. हिराने फक्त एवढं म्हटलं की घरी ठेवते, पण पटावरचं नाव काढू नका, माझी पोर परत येणार हाय. त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून नलू घरात आणि हंडे हिराच्या पहाऱ्यात.

कुणीतरी पालघरच्या मोठ्या डॉक्टरचं नाव सांगितलं, म्हणून ती तिकडेही गेली. डॉक्टरने नलूला बाहेर बसवलं आणि हिराला विचारलं की घरात कुणाला वेड आहे का. नाही म्हटल्यावर तो थोडा वेळ टेबलावर बोट वाजवत राहिला आणि म्हणाला, "ठाण्याला दाखवा."

त्या भागात ठाण्याचा एवढाच अर्थ होता, वेड्यांचं इस्पितळ. गल्लीतली पोरं भांडताना एकमेकांना तेच म्हणायची, तुझी रवानगी ठाण्याला. हिरा बाहेर आली, नलूला घेऊन पालघरच्या एसटी स्टँडवर बसली. बस लागत होती, सुटत होती. नलू हात अधांतरी धरून बसली होती, कुठेच न टेकवता. त्या हातांकडे बघता बघता हिराच्या मनात आलं, दाताला डॉक्टर असतो. डोळ्याला असतो. पोरांच्या तापाला वेगळा असतो, मोठ्यांचा वेगळा. मग पोरांच्या मनाला का नसावा? कुठेतरी असणारच. तो कुठे बसतो हे आपल्याला ठाऊक नाही, एवढंच. आणि ठाऊक नसलेलं विचारून कळतं.

तिचा धंदाच दारोदार विचारत फिरण्याचा होता. बोईसरच्या बाजारात अर्धी पाटी संपली की उरलेली घेऊन ती तारापूरच्या कॉलनीत जायची. तिथे देशभरातून आलेली माणसं, वीजकेंद्रातली, कारखान्यांतली. दुसऱ्या दिवसापासून तिने मासळीसोबत दुसरा प्रश्नही दारादारात न्यायला सुरुवात केली. पापलेट तोलून झालं की विचारायची, बाई, पोरांच्या मनाचा डॉक्टर तुम्हाला कुठे माहीत हाय का? कुणी हसलं. कुणी विचारलं कुणासाठी, आणि हिराने लपवलं नाही, माझ्या पोरीसाठी म्हणाली. एका घराने तिच्याकडून मासळी घेणं बंद केलं. बाजारात बाजूला बसणारी म्हणाली, अगं, असं उघड बोलू नये, उद्या पोरीला कोण करणार. हिरा म्हणाली, उद्याचं उद्या. आज तिला जेवता येत नाय.

पावसाळा संपून बोटी सुटल्या, बोंबील वाळत घालायचे दिवस आले, तरी ती विचारतच होती. शेवटी एका दारात नायरबाई भेटल्या. केरळच्या, हिंदीतून बोलणाऱ्या, नुकत्याच तिच्याकडून सुरमई घ्यायला लागलेल्या. प्रश्न ऐकून त्यांनी हिराला आत बोलावलं, खाली स्वतःही बसल्या, आणि सांगितलं की त्यांच्या भावाचा मुलगा मुंबईत एका मोठ्या इस्पितळात जातो. तिथे आठवड्यातून एक दिवस फक्त लहान मुलांचं मन बघतात. मंगळवारी. इमारत कुठली, मजला कुठला, खिडकी कुठली, सगळं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि हिराकडून म्हणवून घेतलं.

मंगळवारी नलू घराबाहेर पडायला तयार नव्हती. बसची दांडी, गाडीचं बाकडं, लोकांचे हात, सगळ्याची तिला धास्ती. हिराने स्वच्छ धुतलेलं जुनं लुगडं फाडून तिला बसायला घेतलं, पाण्याचा डबा घेतला, आणि वाटेत हात धुवायला देईन असा शब्द दिला. तो शब्द तिने पाळला. सफाळे येईपर्यंत डबा संपला होता.

इस्पितळात आधी त्यांना कातडीच्या विभागात पाठवलं. हात बघून दुसरं काय वाटणार. तिथून लहान मुलांच्या तापाच्या रांगेत. जिन्यांवरून वर-खाली करून योग्य दाराशी पोचल्या तेव्हा खिडकी बंद झाली होती. आता पुढच्या मंगळवारी, असं तिथल्या माणसाने सांगितलं. हिरा दारासमोर खाली बसली. तो म्हणाला, इथे बसून काही होणार नाही. हिरा म्हणाली, बरं, आणि बसून राहिली. नलूही फाडलेल्या लुगड्यावर बसली. आतून एकेक मूल बाहेर पडत गेलं. शेवटी एक बाई बाहेर आली, पन्नाशीची, गोरी, चष्मा लावलेली, खांद्याला पिशवी. निघाली होती. नलूच्या हातांकडे तिची नजर गेली आणि ती थांबली.

"कुठून आलात?"

"बोईसरच्या पुढनं. मुरब्याहून."

बाईने पिशवी पुन्हा आत ठेवली. त्या डॉक्टर फ्रेनीबाई, डहाणूच्या एका इराणी घरातल्या, वडिलांची चिकूची वाडी असलेल्या. मुरबे कुठे आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही.

हिराने मुद्दे मनात पाठ करून आणले होते, सगळे सांगितले. मग म्हणाली की पोरीला माझी किळस वाटते, माझा वास तिला सहन होत नाही. फ्रेनीबाईंनी ते ऐकून घेतलं आणि नलूकडे वळल्या. हात का धुतेस, असं त्यांनी विचारलं नाही. नाही धुतलेस तर काय होईल, असं विचारलं.

फ्रेनीबाई घाई न करता थांबल्या. मग नलू अगदी बारीक आवाजात म्हणाली, "रामू मरल."

"कशाने?"

"माझ्या हातानं. हाताला काय लागलेलं असलं तर. ते त्याला लागलं तर." आणि मग आईकडे न बघता म्हणाली, "आईची मला घाण नाय वाटत. आईला पण लागल म्हणून मी लांब निजते."

हिराने पदराचा बोळा तोंडाला लावला. इतके महिने तिने पोरीला रागाने ओढलं होतं, हंड्यांवर पहारा ठेवला होता, आणि पोर मात्र एकटीने साऱ्या घराची राखण करत होती. तिला रडायचं नव्हतं. तिने नाक पुसलं आणि विचारलं, हे बरं होतं का?

फ्रेनीबाईंनी सरळ सांगितलं. हा आजार आहे, याला नाव आहे, आणि नलूसारखी खूप मुलं आहेत. कुणी करणी केलेली नाही, कुणाची चूक नाही. गोळी देईन, ती रोज घ्यायची, तिचा उपयोग व्हायला काही आठवडे जातील. पण निम्मं काम घरी करायचं आहे आणि ते गोळीपेक्षा कठीण आहे. मग त्यांनी नलूला विचारलं, "भरती बघतेस ना तू रोज? चढते. मग?"

"उतरते."

"कोण उतरवतं तिला?"

"कोण नाय. आपोआप."

"तुझी भीती तशीच आहे. तू हात धुतेस म्हणून ती उतरते असं तुला वाटतं. एकदा न धुता बसून बघायचं. चढेल, खूप चढेल. पण उतरेल."

अगदी लहान गोष्टीपासून सुरू करायचं ठरलं. रामूच्या पायाच्या अंगठ्याला एका बोटाने हात लावायचा. आणि मग धुवायचं नाही. आई जवळ बसेल, पण पाणी देणार नाही, काही होणार नाही असा दिलासाही पुन्हा पुन्हा देणार नाही. हे शेवटचं हिराला समजेना. फ्रेनीबाई म्हणाल्या, दिलासा दिला की तोही एक प्रकारे हात धुणंच झालं. हिराने ते घोकत घोकत घरी आणलं.

पहिले काही आठवडे गोळीने नलूला नुसती झोप यायची आणि तोंड कोरडं पडायचं. गोदूबाई रोज म्हणायची, पोरीला गुंगीत ठेवलीय. मग एका दुपारी, दादू समुद्रावर होता आणि रामू झोळीत निजला होता, नलू स्वतःच म्हणाली की आज लावते.

हिराने जवळा, ती सुकवलेली बारीक कोळंबी, निवडायला घेतला, हात कामात असले की तोंड गप्प राहील म्हणून. नलू झोळीपाशी गेली. रामूचा पाय झोळीतून बाहेर लोंबत होता. तिचं बोट पुढे जायचं आणि मागे यायचं. शेवटी तिने अंगठ्याला बोट टेकवलं, लगेच ओढून घेतलं, आणि चटका बसल्यासारखी मागे सरून भिंतीशी बसली.

मग भीती चढायला लागली. कपाळावर घाम आला. "आई, थोडंसं पाणी," ती म्हणाली. "नुसतं बोट." हिरा जवळ्यातला कचरा वेचत राहिली. "आई, तो श्वास घेतो का बघ ना." हिराने बघितलं नाही. आपल्याच लेकराला हे करायला लावणारी ही कसली आई, असं तिच्या मनात येत होतं, आणि त्याच वेळी ती दाताखाली ओठ धरून बसली होती. नलू रडायला लागली, मोठ्याने, लहान पोरासारखी. आवाज ऐकून गोदूबाई पाण्याचा तांब्या घेऊनच दारात आली.

हिरा उठून दारात आडवी उभी राहिली. सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या, पाणी नाय द्यायचं."

"पोर मरल रडून."

"रडून मरत नाय कुणी. या पाण्यानंच ती वाया जाते. तुमी तांब्या ठेवा आणि आत येऊन बसा. नाय बघवत तर देवळात जा."

गोदूबाईच्या तोंडावर आजवर कुणी असं बोललं नव्हतं. मग तिने तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला, आत येऊन नलूच्या शेजारी मांडी घालून बसली आणि जवळा निवडायला लागली.

उन्हं पडवीतून आत आली. रामू झोपेत कूस वळला. नलूचं रडणं हुंदक्यांवर आलं, मग हुंदकेही लांबत गेले. जवळ्याचा ढीग बराचसा निवडून झाला होता तेव्हा ती म्हणाली, "आई, कमी झालं."

"किती?"

"अजून हाय. पण कमी झालं."

त्या संध्याकाळी तिने हात धुतले, आणि नेहमीसारखे पुष्कळ वेळ धुतले. पण दुसऱ्या दुपारी पुन्हा अंगठा धरला. अंगठ्यावरून पाऊल, पावलावरून पोटरी. कधी आठवडाभर पुढे जायची, कधी पुन्हा पहिल्यावर यायची. दादू घरी असला की तोही झोळीपाशी येऊन बसायला लागला, त्याला दिलासा द्यायचा नाही हे फार जड जायचं, म्हणून तो जाळं विणायला घ्यायचा. महिन्यातून एका मंगळवारी मायलेकी मुंबईला जात होत्या. होळीच्या आसपास नलूने रामूला कडेवर घेतलं, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती सातवीच्या वर्गात पुन्हा बसली. नाव पटावर होतं.

एवढ्यावर हिराने थांबायला हरकत नव्हती. पण ती वर्षभर दारोदार विचारत फिरली होती, त्यामुळे सगळ्या बाजाराला ठाऊक झालं होतं. आता बायका तिला विचारायला येऊ लागल्या. समोर कुणी नाही असं बघून यायच्या, मासळी उगाच उलटीपालटी करायच्या, आणि म्हणायच्या, माझ्या ओळखीत एकजण हाय, तिचा मुलगा. शिरगावच्या एका कोळणीचा पुतण्या वर्षभर खोलीबाहेर आला नव्हता. नायरबाईंच्या शेजारी एक मुलगा रोज शाळेच्या वेळेला ओकत होता. हिरा त्यांना मंगळवारी आपल्याबरोबर मुंबईला न्यायची, जिने दाखवायची, खिडकी दाखवायची.

मग गोमा आला. वाणगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा हा वारली, पावसाळ्यात बाजारात रानभाज्या आणून विकायचा. त्याची नऊ वर्षांची नवसी आदल्या हिवाळ्यात वीटभट्टीवर आईबापांबरोबर होती. तिथे तिच्या धाकट्या भावाला भाजलं, तो गेला. तेव्हापासून नवसी बोलत नव्हती आणि स्वतःचे केस उपटत होती. हिराने त्याला मुंबईचं सांगितलं. गोमा नम्रपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "मंबईला मी नाय जाऊ शकत, बाय. तिथं मी हरवीन. आणि दिवाळी झाली का आमी पुन्ना भट्टीवर."

हिराने मनात हिशेब केला. गोमाला मुंबईला नेता येईलही, एकदा, दोनदा. पण हे काम दोनदात होणारं नव्हतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

पुढच्या मंगळवारी नलूची तपासणी झाल्यावर हिरा खुर्चीतून उठली नाही. फ्रेनीबाई डहाणूला घरी कधी जातात, असं तिने विचारलं. दर शनिवारी, दुपारच्या गाडीने, म्हाताऱ्या आईला भेटायला, असं त्या म्हणाल्या.

"मग तुमी दर शनिवारी बोईसरवरनं जाता."

"जाते."

"महिन्यातनं एका शनिवारी बोईसरला उतरा, बाई."

फ्रेनीबाई हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी अडचणी सांगितल्या. इस्पितळाची परवानगी लागेल, औषधांचं बघावं लागेल, शनिवार-रविवार एवढाच त्यांचा मोकळा वेळ, आई ऐंशीला आली आहे. हिराने सगळं ऐकलं. मग गोमाचं सांगितलं. आणि म्हणाली, आईला सांगा, लेक जरा उशिरा येईल.

फ्रेनीबाई म्हणाल्या की मला एक खोली लागेल. तिला बंद होणारं दार हवं, कारण मुलं उघड्यावर बोलत नाहीत. आणि येणारी माणसं हवीत. त्या दोन गोष्टी तुम्ही करा, परवानगीचं मी बघते.

खोली मिळेना. एका देवळाच्या सभागृहाचे लोक म्हणाले, वेड्यांना इथे नको, भाविकांना त्रास होईल. एका शाळेने सुट्टीच्या दिवशीही वर्ग द्यायला नकार दिला. एका दुकानदाराने माळा देऊ केला आणि बायकोशी बोलून दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला. हिरा रोज बाजार संपला की एका नव्या दाराशी जायची. नकार आला की पाटी डोक्यावर घ्यायची आणि पुढच्या दाराशी. शेवटी स्टेशनच्या पूर्वेला बालवाडी चालवणाऱ्या रंभाबाई तयार झाल्या. शनिवारी दुपारी त्यांची खोली रिकामी असायची. त्यांची अट एकच होती, दारावर दवाखान्याची पाटी लावायची नाही. लोकांना कळलं की सोमवारपासून कुणी मूल पाठवणार नाही.

हिरा त्यांच्यासमोर बालवाडीच्या सतरंजीवर बसली. रंभाबाई शिकलेल्या, तिच्याहून वयाने मोठ्या. त्यांच्याशी वाद घालावा असं तिला वाटत नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "मला पालघरपासून मंबईपर्यंत विचारत जायला वरीस लागलं. कुठंच पाटी नव्हती म्हणून. पाटी असती तर माझ्या पोरीच्या हाताची कातडी राहिली असती."

रंभाबाईंनी बालवाडीचाच फळा पुढे ओढला आणि काय लिहायचं ते विचारलं. दोघींनी मिळून शब्द ठरवले. वेडाचं नाव नाही, ठाण्याचं नाही. मुलांच्या मनाचा दवाखाना, महिन्याचा पहिला शनिवार, दुपारी. पहिल्या शनिवारपर्यंत तीन आईबापांनी बालवाडीतून मूल काढून घेतलं. रंभाबाईंनी फळा काढला नाही.

भाद्रपदातला तो शनिवार पावसाचा निघाला. फ्रेनीबाई छत्री झटकत बोईसरला उतरल्या, हिरा फलाटावर उभी होतीच. बालवाडीत पोचल्या तेव्हा बाहेर कुणी नव्हतं. लहानशा खुर्च्यांवर दोघी बसून राहिल्या. रंभाबाईंनी चहा केला. शिरगावची कोळीण येणार होती, आली नाही. हिराने दहा घरी निरोप दिला होता. तिच्या मनात आलं, आपण या बाईला आईपासून तोडून इथे रिकाम्या खोलीत आणून बसवलं.

मग कॉलनीतली एक बाई आली, डोक्यावरून पदर ओढून, मुलाचं मनगट घट्ट धरून. दार बंद झालं, बराच वेळ बंद राहिलं. उघडलं तेव्हा बाईचा पदर खांद्यावर होता आणि ती मुलाला काहीतरी हळू आवाजात विचारत होती. त्यांच्या मागून बाजारातलीच एकजण आली, जिने हिराला उघड बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. बरोबर तिची पंधरा वर्षांची भाची होती. हिराने काही म्हटलं नाही, फक्त सरकून जागा दिली.

गोमाचा पत्ता नव्हता. डहाणूच्या गाडीची वेळ झाली तशी फ्रेनीबाईंनी पिशवी आवरली. हिरा दारात जाऊन उभी राहिली आणि रस्त्याच्या टोकाला तो दिसला, खांद्यावर पोरगी, तिच्या डोक्यावर पळसाच्या पानांचं इरलं. पावसाने बस आलीच नव्हती, वाणगावपासून तो चालत निघाला होता. हिराने आत वळून फ्रेनीबाईंकडे बघितलं. त्या आधीच खुर्चीवर परत बसल्या होत्या. रात्रीपर्यंत गाड्या असतात, म्हणाल्या.

नवसी त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही. फ्रेनीबाईंनी तिला बालवाडीतले ठोकळे दिले, आणि ती ते एकावर एक रचत राहिली, पाडत राहिली. गोमाला त्यांनी भट्टीबद्दल विचारलं, भावाबद्दल विचारलं, आणि या हिवाळ्यात नवसीला भट्टीवर नेऊ नका, आजीपाशी पाड्यावर ठेवा, असं सांगितलं. तो बाहेर आला तेव्हा पाऊस ओसरला होता. नवसी ओट्यावर उभी राहून पागोळ्यांखाली हात धरत होती.

गोमाने हिराला विचारलं, "तुझी पोर चांगली झाली?"

हिराने क्षणभर विचार केला. नलूचा हात अजून कधीकधी मोरीकडे जायचा. परीक्षा जवळ आली की पुन्हा मोजायला लागायची. हे सांगितलं तर हा माणूस पुन्हा येणार नाही, अशी भीतीही तिला वाटली. पण तिने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं.

"सगळी नाय झाली," ती म्हणाली. "पण शाळंत जाते. भावाला घेऊन फिरते. माझ्याजवळ निजते."

गोमाने ते नीट ऐकून घेतलं. मग नवसीला खांद्यावर घेतलं आणि पुढचा शनिवार कुठला, ते विचारलं. हिराने सांगितलं. तो मान हलवून चिखलातून वाणगावच्या वाटेला लागला, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो सगळ्यांच्या आधी येऊन ओट्यावर बसला होता.